फड का मोडतो

(संगमनेर इथं तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)

अध्यक्षांनी माझी ओळख ‘कवी’ अशी करून दिली. त्यात भर घालतो. मी मुंबईच्या गोदीत काम करतो, बोटीतून लोखंड उतरवणाऱ्या टोळीत आहे, आणि शिक्षण म्याट्रिक. म्हणून संगीताच्या शास्त्रातलं मला काही विचारू नका, हिशोबातलं विचारा. आज मी हिशोबावरच बोलणार आहे.

विषय तुम्हाला माहीत आहे. आपल्या पोरांनी बँड काढला होता. चार जण. एकाची इलेक्ट्रिक गिटार, एकाचे ड्रम, एक घसा फाडून म्हणणारा आणि चौथी हलगी वाजवणारी पोरगी. हेवी मेटल म्हणतात त्या जातीचा आवाज, पण बुडाशी हलगी. जयंतीच्या डीजेला कंटाळून काढला. हॉलवाले हॉल देईनात, तेव्हा एकदा कांद्याच्या चाळीत वाजवलं, एकदा बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत. ऐकणारे साठ-सत्तर. ज्यांनी ऐकलं त्यांच्या कानात अजून ते आहे, माझ्या तर आहेच. मग बँड मोडला. मग जुळला. मग पुन्हा मोडला. चौघांना विचारलं तर चौघं चार कारणं सांगतात : ह्याचा स्वभाव, त्याचा इगो, घरच्यांचा विरोध, सरावाला जागा नाही. मी सगळी कारणं ऐकून घेतली. खरी आहेत, पण वरवरची आहेत. त्याच्याखालचं कारण ह्या तालुक्याच्या मातीत शंभर वर्षांपासून पुरून ठेवलेलं आहे. ते आज उकरू.

आधी एक गोष्ट लांबची सांगतो. कारण आपल्यातली काही पोरं म्हणतात, मेटल हे बड्या घरच्या पोरांचं खूळ आहे, आपला त्याच्याशी संबंध काय? तर ऐका. इंग्लंडात बर्मिंगहॅम नावाचं शहर. लोखंडाचं, कारखान्यांचं. तिथं टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. मशीनमध्ये उजव्या हाताची दोन बोटं सापडली. मधलं आणि त्याच्या शेजारचं, दोन्हींची टोकं गेली. हा डावखुरा, म्हणजे तार दाबायची ती हीच बोटं. लोक म्हणाले, संपलं. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली. पुढं तार सैल सोडली, बोटांना सोपं जावं म्हणून. तार सैल झाली तसा सूर खाली गेला, आवाज जड झाला. ज्या आवाजावर आज जगभरची पोरं डोकी हलवतात, त्या आवाजात कारखान्यात तुटलेली दोन बोटं आहेत. १९६८ साली त्या चौघांचा बँड उभा राहिला. ब्लॅक सॅबथ. चौघंही कामगार वस्तीतले.

हे मी वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. आमच्या टोळीत एका काकांचं बोट साखळीत गेलं. ठेकेदारानं पंधरा दिवसांची सुट्टी दिली आणि त्या पंधरा दिवसांचा पगार कापला. काका पेटी वाजवायचे. आता तीन बोटांनी वाजवतात. त्यांचा बँड निघाला नाही, एवढाच फरक.

त्या बर्मिंगहॅमच्या बँडचं पुढं काय झालं बघा. १९७९ साली गाणाऱ्याला, ऑझी ऑस्बॉर्नला काढून टाकला. त्यानंतर माणसं आली, गेली. १९९७ साली जुने पुन्हा एकत्र आले. २०१२ साली ड्रम वाजवणारा बिल वॉर्ड जाहीर बोलला, की मला दिलेल्या करारावर सही करण्यासारखं काही नाही. तो बाहेर राहिला, बाकीचे त्याच्याशिवाय फिरले. शेवटी ५ जुलै २०२५ ला आपल्याच गावात चौघं एका स्टेजवर आले, आणि सतरा दिवसांनी ऑझी मेला. म्हणजे बघा, इतकं नाव, इतका पैसा, तरी चौथा माणूस अडला कुठं? कागदावर. हिशोबावर.

मुंबईतही असं झालंय. १९८४ साली रॉक मशीन निघाला, १९९३ साली त्यानं नाव बदलून इंडस क्रीड केलं, १९९७ साली मोडला, २०१० साली पुन्हा जुळला. त्यांच्या मोडण्या-जुळण्याच्या तारखा मला पाठ आहेत, कारण त्या छापून आल्या. मग मी स्वतःला विचारलं, माझ्या गावाकडचे फड किती वेळा मोडले, किती वेळा जुळले, त्याच्या तारखा कुणी छापल्या?

आता घराकडं येऊ. पुणे-नाशिक हायवेला, संगमनेरच्या अलीकडं हिवरगाव पावसा. तुम्हाला त्या गावाचं नाव माहीत आहे ते टोलनाक्यामुळं. गाडी थांबते, टोल कापला जातो, गाडी सुटते. तिथं थांबणाऱ्या माणसांपैकी कितीजणांना ठाऊक असेल की हे पवळाचं गाव?

पवळा भालेराव हिवरगावकर. महाराची पोर. खंडोबाला वाहिलेली मुरळी. तिच्या आधी तमाशाच्या बोर्डावर बाईचं काम करायला नाच्या पोऱ्या असायचा, मिसरूड फुटायच्या आतलं पोरगं, लुगडं नेसवून. तमाशात उभी राहिलेली पहिली बाई म्हणून पवळाचं नाव घेतात. लोकांनी तिला ‘नामचंद’ म्हटलं. आज आपण प्रयोग, प्रयोग म्हणतो. अहो, शेकडो पुरुषांसमोर रात्रभर बोर्डावर बाईनं बाई म्हणून उभं राहणं, ह्याच्याएवढा मोठा प्रयोग त्या काळात कुठल्या नाटक कंपनीनं केला होता? तिथं तर बालगंधर्व शालू नेसत होते आणि सभ्य लोक वन्समोअर देत होते.

आणि आवाजाचं म्हणाल तर तमाशाचा आवाज हा आपला जुना मेटलच आहे. तुणतुण्याची एकच तार, रात्रभर एकाच सुरावर धरलेली. कडं म्हणजे नुसतं पोलाद. झांज. ढोलकी आणि हलगी कातड्याची, आणि ते कातडं कमावणारे हात कुणाचे हे मी सांगायला नको. लाऊडस्पीकर नव्हते तेव्हा दोन-तीन हजार माणसांच्या शेवटच्या रांगेपर्यंत हा आवाज पोचवायचा होता. म्हणून तो असा चिरत जाणारा. सभ्य कानांना तो गोंगाट वाटला. वाटणारच. त्यांच्यासाठी तो केलाच नव्हता.

तर ही पवळा आणि पट्ठे बापूराव. बापूराव म्हणजे श्रीधर कृष्ण कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचा ब्राह्मण. जन्म १८६६. वतन सोडलं, घरदार सोडलं, तमाशात आला, महारामांगांत राहिला. हे सोपं नव्हतं आणि मी ते हलकं करणार नाही. लेखणी जबरदस्त होती. त्याचा ‘मिठाराणी’चा वग कोल्हापूरच्या शाहू महाराजांपुढं झाला. मुंबईत पिला हाऊसच्या बाजूला, बटाट्याच्या चाळीत गिरणी कामगार तुटून पडत होता. बापूरावांचे शब्द आणि पवळाचा गळा, पवळाचं अंग. जोडी गाजली.

पण गाजली तरी कुणाच्या नावावर? पुस्तकं काढून बघा. बापूराव हा शाहीर, प्रतिभावंत, जात सोडणारा बंडखोर. त्याच्या नावानं १९५० साली सिनेमा निघाला. आणि पवळा? पवळा म्हणजे त्याच्या गोष्टीतली देखणी बाई. तो ब्राह्मण असून तमाशात आला म्हणून त्याचा त्याग. ती महार असून तमाशात आली म्हणून तिचा धंदा. एकाच बोर्डावर, एकाच रात्री, एकाच ढोलकीवर! त्यागाला इतिहासात पान मिळतं, धंद्याला तळटीप. अहो, वगनाट्याची सुरुवातच १८६५ साली ‘मोहना-बटाव’पासून धरतात, आणि तो रचला सावळजच्या मांगाच्या पोरांनी, उमा-बाबूंनी. त्यांच्या नावानं किती सिनेमे आले?

पुढं ही जोडी फुटली. १९३९ साली पवळा गेली. १९४५ साली बापूराव पुण्यात गेला, तोही हलाखीत. म्हणजे ज्याचं नाव झालं त्याच्याही हातात काही उरलं नाही. मग पैसा गेला कुठं? ह्या प्रश्नाकडं मी येतोच. त्याच्याआधी एक अवघड जागा आहे, ती टाळून पुढं जाता येणार नाही.

१९२७ साल. महाडला चवदार तळ्यावर आपली माणसं पाणी प्यायली होती आणि चळवळीला पैसा लागत होता. पट्ठे बापूराव बाबासाहेबांकडं गेले. तमाशाच्या खेळांचं उत्पन्न देऊ म्हणाले. बाबासाहेबांनी ते नाकारलं. आमच्या बायांना नाचवून आणलेला पैसा नको, असा त्या नकाराचा अर्थ.

हा प्रसंग आपल्याकडं सगळ्यांना तोंडपाठ आहे, आणि त्याचा उपयोग काय करतात ते मी पाहिलंय. आपल्या बँडमधल्या पोरीनं हलगी हातात घेतली तेव्हा आपल्याच एका ज्येष्ठांनी हा प्रसंग सांगितला. म्हणाले, बाबासाहेबांनी तमाशाला नकार दिला आणि तुम्ही आपल्या पोरी स्टेजवर आणता? पोरीचा चेहरा पडला. मी त्या बैठकीत होतो आणि तिथंच बोललो. आज तेच जरा सविस्तर बोलतो.

बाबासाहेबांनी पैसे घेऊन कोण आलंय ते पाहिलं. थैली कुणाच्या हातात आहे आणि घाम कुणाचा आहे ते पाहिलं. सत्याग्रह पाण्याचा होता, माणुसकीचा होता. ज्या बाईला गाव पाणवठ्यावर येऊ देत नाही आणि रात्री तिच्यावर शिट्ट्या मारतं, तिच्याच अंगावरचा पैसा त्या लढ्यात घालायचा, हा हिशोब त्यांना मान्य नव्हता. पुढं १९३६ साली मुंबईत दामोदर हॉलला वाघ्या-मुरळ्या, जोगतिणी, देवदासी ह्यांच्यासमोर ते बोलले. ही जिणी सोडा म्हणाले. कडक बोलले. पण बोलले त्यांच्याशी. त्यांना सभेला बोलावलं, त्यांच्यासमोर उभे राहिले. आपण काय केलं? आपण त्या बायांशी बोलणंच सोडलं. नकार पैशाला होता, आपण तो माणसाला लावला. पवळाचं नाव घ्यायची लाज वाटायला लागली. आणि लाज वाटली की इतिहास दुसरा लिहितो.

आता दुसरं उदाहरण देतो, तेही ह्याच जिल्ह्यातलं. जिल्ह्याचं नाव २०२४ साली बदललं, अहिल्यानगर झालं, तोंडात अजून नगरच येतं. कोपरगाव तालुक्यातलं पोहेगाव. तिथल्या आपल्या घरातली पोर, शैलजा पाईक, पुण्याच्या येरवड्याच्या झोपडपट्टीत वाढली, शिकली, अमेरिकेत इतिहासाची प्राध्यापक झाली. तिनं तमाशातल्या दलित बायांवर पुस्तक लिहिलं, ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’, २०२२ साली आलं. २०२४ साली तिला अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. इंग्रजी पुस्तक वाचायला मला शब्दकोश लागतो आणि महिना लागतो. पण एक गोष्ट नावातच कळते : अश्लील म्हणून जे आपल्या अंगाला चिकटवलं, ते जातीनं चिकटवलं. पवळाचं नाव तिनं जगाच्या विद्यापीठांत नेलं. आणि आम्ही हिवरगावच्या टोलनाक्यावर.

बरं. आता पैसा गेला कुठं. ह्याचं उत्तर एका शब्दात आहे आणि तो शब्द तुम्ही घराघरात ऐकलाय. उचल.

दसऱ्याला फड बाहेर पडतात. चैत्रात जत्रा सुरू होतात, बुद्धपौर्णिमेच्या आसपास हंगाम सरतो. मग पावसाळ्याचे चार महिने घरी. त्या चार महिन्यांत चूल कशानं पेटायची? तर फडमालक उचल देतो. पुढच्या हंगामाचे पैसे आधी. मालक तरी कुठून आणतो? सावकाराकडून, व्याजानं. मग दसऱ्याला नाचणारी, ढोलकीवाला, सोंगाड्या, तंबूवाला, सगळे निघतात ते आधीच देणं डोक्यावर घेऊन. हंगामभर फेडायचं, शेवटी पुन्हा उचल घ्यायची. एखादीला फड सोडायचा असला तर आधी उचल परत कर. ती कुठून करणार? मग दुसऱ्या फडाचा मालक येतो, पहिल्याची उचल भरतो आणि तिला घेऊन जातो. माणूस ह्या फडातून त्या फडात जातो आणि त्याच्या पाठीवरून कर्जही जातं.

लोक म्हणतात, अमकीनं फड फोडला, तमका फितला, ढोलकीवाला पळाला. रागाच्या, प्रेमाच्या, भांडणाच्या गोष्टी सांगतात. असतील त्याही. पण दरसाल पावसाळ्यात फड मोडतो आणि दसऱ्याला जुळतो त्याच्यामागं ही वही आहे. नारायणगावला पाडव्याच्या वेळी जा. राहुट्या टाकलेल्या असतात, गावोगावचे पुढारी येतात, सुपारी ठरते. लाखाची बोली बाहेर होते. आत ज्या बाईच्या नावावर ती बोली लागते तिच्या हिशोबाच्या पानावर अजून मागचीच उचल असते.

तुम्हाला हे नवीन नाही. हा साखर कारखान्यांचा जिल्हा आहे. पाथर्डीकडची माणसं उचल घेऊन ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोन माणसं, मोजायला एक! फडातही तसंच आहे, आणि शब्दही तोच : उसाचाही फड, तमाशाचाही फड. आमच्या गोदीतही मुकादम उचल देतो. मला तर वाटतं, ह्या देशात आपल्या माणसाला बांधायला दोरी लागलीच नाही, उचल पुरली.

आणि आता नाव. फडाच्या पडद्यावरचं नाव. ह्याच संगमनेरात कांताबाई सातारकर राहिल्या. जन्म १९३९ चा, आईबाप दगडखाणीत काम करणारे. पोरवयात बोर्डावर आल्या. तुकाराम खेडकरांच्या फडात आल्या, त्यांच्याशी संसार केला. १९६४ साली खेडकर गेले. मग ज्या फडाला ह्या बाईनं आपली उमेद दिली, तो फड तिला मुलांसकट सोडावा लागला. काही वर्षं दुसऱ्यांच्या फडात काम केलं. १९६९ साली स्वतःचा फड उभा केला. बोर्डावर त्यांनी शिवाजी महाराजसुद्धा केले. बाईनं! मिशा लावून, तलवार घेऊन, आणि गावंच्या गावं उभी राहून बघत होती. पुढं मुलगा रघुवीर सोंगाड्या म्हणून गाजला आणि फडाच्या पाटीवर आलं : ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत जत्रा बंद झाल्या, ऐन चैत्राचा हंगाम बुडाला, दुसऱ्याही वर्षी बुडाला. आणि २०२१ च्या मे महिन्यात त्याच रोगानं कांताबाई गेल्या.

मी कवी आहे, मला शब्दांची सवय. पाटीवरच्या त्या ‘सह’कडं मी बराच वेळ बघत बसलो. फडांच्या पाट्यांवर हा शब्द नेहमीचा आहे. विठाबाईंच्या मुलीचा फड बघा : ‘मंगला बनसोडे सह नितीनकुमार’. तिथं आई पुढं आहे आणि मुलगा सह. म्हणजे हे उलटता येतं! कोण पुढं, कोण सह, हे देवानं ठरवलेलं नाही. पाटी रंगवायच्या आधी माणसं ठरवतात.

पाटीवर आणखी एक गंमत असते. हिवरगावकर. नारायणगावकर. पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीचे ढवळपुरीकर. ज्या गावानं वेशीबाहेर ठेवलं, त्याच गावाचं नाव आपल्या माणसांनी पडद्यावर मिरवलं. आणि भाऊ-बापू मांग नारायणगावकरांनी तर जातही पाटीवर लिहिली. आज आपल्यातले शिकलेले आडनाव बदलून फ्लॅट घेतात.

आता म्हणाल, तमाशा म्हणजे उचल आणि दौलतजादा, तर मग आपण त्यातलं घ्यायचं काय? दोस्तांनो, हे काम आपल्या आधीच्यांनी केलेलं आहे. नाशिककडं भीमराव कर्डकांनी जलसा उभा केला तो ह्याच सांगाड्यावर. गण, गवळण, बतावणी, वग, सगळा साचा तमाशाचा. देवाचं स्तवन गेलं, बाईला नाचवणं गेलं, आणि ढोलकी ठेवली. इथून पुढं सिन्नर तालुक्यात देशवंडी, वामनदादा कर्डकांचं गाव. दादा तर एकटे फिरले, ना तंबू, ना मालक, ना उचल. आण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर ह्यांचं लाल बावटा कलापथक १९४४ चं. स्वातंत्र्य आलं आणि मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली, मग समिती नेमली, अटी घालून उठवली. आण्णाभाऊंनी त्यातून लोकनाट्य पुढं नेलं. बंदीतून वाट काढणं ही आपली परंपरा आहे.

आणि ‘अंडरग्राउंड’ हा शब्द आपली मेटलवाली पोरं फॅशननं वापरतात, म्हणून हेही सांगतो. पुण्यात २००२ साली गुजरातच्या दंगलीनंतर कबीर कला मंच निघाला. डफ, घसा आणि गाणी. २०११ साली धरपकड झाली, नक्षलवादी म्हणून आरोप आले, तेव्हा त्यातले कलावंत खरोखर भूमिगत झाले. एप्रिल २०१३ मध्ये शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनासमोर आले. ह्याला शरणागती म्हणू नका, सत्याग्रह म्हणा, असं त्यांनी सांगितलं. २०१७ साली सचिन माळी, सागर गोरखे, रमेश गायचोर ह्यांना सुप्रीम कोर्टानं जामीन दिला. पुढं वाटा वेगळ्या झाल्या. शीतल आणि सचिननं नवयान महाजलसा काढला. सागर, रमेश आणि ज्योती जगताप ह्यांना २०२० साली पुन्हा अटक झाली. गाण्याचा संच मोडायला नेहमी भांडणच लागतं असं नाही. कधीकधी सरकारच मोडतं. म्हणून आपसात मोडायची चैन आपल्याला परवडत नाही, एवढंच मला त्यातून घ्यायचंय.

आता आपल्या बँडचं. मी चौघांशी वेगवेगळा बोललो आणि जे कळलं ते चौघांच्या परवानगीनं इथं ठेवतो. अॅम्प्लिफायर एकाच्या पैशानं आला. त्यानं ते कधी बोलून दाखवलं नाही, पण कार्यक्रम घ्यायचा की नाही हे तोच ठरवू लागला. ही झाली उचल. दुसरं, पोस्टर. हलगीवाल्या पोरीला मी विचारलं, तू का सोडलंस? ती म्हणाली, ‘दादा, पोस्टरवर माझा फोटो सगळ्यात मोठा आणि नाव सगळ्यात बारीक. मी वाजवते म्हणून आहे का दिसते म्हणून?’ बोला! पवळापासून शंभर वर्षं झाली आणि आपण पोस्टर तसंच छापलं. आणि तिसरं, एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं आमंत्रण. चाळीस हजार देत होता. दोघं हो म्हणाले, दोघं नाही. त्यावर शेवटचं मोडलं. म्हणजे आपल्या चार पोरांनी सहा महिन्यांत तमाशाचा सगळा इतिहास पुन्हा करून दाखवला. उचल, पाटी आणि थैली.

तर बँड पुन्हा उभा करायचा का? माझं मत, करायचा. पण नुसती गळाभेट घेऊन, चहा पिऊन, ‘झालं गेलं विसरा’ म्हणून नाही. विसरून जुळलेला फड दसऱ्याला जुळतो आणि पावसाळ्यात मोडतो. वही घालून जुळवायचा.

पहिलं, अॅम्प्लिफायरचे पैसे चौघांनी मिळून फेडायचे. महिन्याला थोडे. फिटेपर्यंत ज्याचे पैसे आहेत त्याचं देणं, मत मात्र एकच. चौघांना चार मतं. दुसरं, जमा-खर्च एका वहीत, वही दर कार्यक्रमानंतर चौघांनी बघायची, आणि मिळालेलं चौघांत सारखं. गिटार महाग म्हणून जास्त आणि हलगी स्वस्त म्हणून कमी, असं चालणार नाही. तिसरं, पाटी. ‘सह’ नको. चार नावं, एका मापाची अक्षरं. फोटो टाकायचा तर ज्याचा आहे त्याला विचारून. चौथं, थैली. पैसा आला की विचारायचं, कुठून आला आणि कशासाठी आला? उत्तर देता येत नसेल तर नकार द्यायचा. आणि नकार मोठ्यानं द्यायचा, बाबासाहेबांनी दिला तसा समोर. पाचवं, कुणाला जायचं असलं तर जाऊ द्यायचं. आपली गाणी, आपलं वाद्य घेऊन, देणं-घेणं मिटवून, शिवी न घालता. दार उघडं ठेवायचं. गेलेल्या माणसाला परत येता आलं पाहिजे. गोदीत आमचा एक जण युनियन सोडून गेला आणि दोन वर्षांनी आला. जुन्या लोकांनी त्याला एकच विचारलं, ‘वर्गणी भरतोस ना?’ आणि जागा करून दिली.

कुणी म्हणेल, कलेचं काम आहे, त्यात कसला कायदा लावता. मी म्हणतो, ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या वहीत आपलं नाव देणेकरी म्हणून लिहिलं गेलं, त्यांच्या पोरांनी स्वतःची वही घालणं हीसुद्धा कविताच आहे. मी तरी ती तशीच वाचतो.

आणि त्या ज्येष्ठांना, ते आज समोर बसलेत, त्यांना माझी हात जोडून विनंती. काका, तुम्ही पोरीला थांबवू नका. तिला कुणी नाचायला लावलं तर तुम्ही आणि मी दोघं मिळून ते स्टेज बंद पाडू. पण ती हलगी वाजवतेय. आपल्या आज्यांनी ज्या हलगीच्या तालावर दुसऱ्यांची करमणूक केली, ती हलगी ती आपल्या मर्जीनं, आपल्या नावानं वाजवतेय. तिला पवळाचं नाव सांगा. लाज न वाटता सांगा.

पुढच्या रविवारी चौघांनी त्याच पिठाच्या गिरणीत यायचंय. चावी मी मिळवलीय. हलगी वाजायच्या आधी शेकावी लागते, त्याला वेळ लागतो, तेवढ्यात वही लिहून होईल. येताना रेघांची वही आणा. शंभर पानी पुरे.

जय भीम.